इस्त्रीबाईची सहल

इस्त्रीबाईचा राग सगळ्या गल्लीच्या ओळखीचा होता. काही माणसांचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हिचा मनगटात होता. कुणावर भडकली की ती बोलायच्या आधी इस्त्री दाबायची, आणि अशी दाबायची की वेदीवर अंथरायच्या त्या पांढऱ्या कापडावर माशीनेसुद्धा पाय पुसून बसावं. त्यामुळे तिच्या रागाचा फायदा शहरातल्या निम्म्या चर्चना होत होता. त्याबद्दल तिचे कुणी कधी आभार मानले नव्हते. मानले असते तर तिला त्याचाही राग आला असता.

शहर जुनं होतं. डोळे मिटून दगड भिरकावला तर चर्चच्या भिंतीला लागायचा, नेम चुकला तर मठाच्या. ते सगळं बघायला लांबलांबून प्रवासी यायचे, माना वर करून घुमट बघायचे आणि मानाच वर असल्यामुळे एकमेकांना धडकायचे. इस्त्रीबाईला त्यांची तोंडं सहसा दिसत नसत. तिची खोली रस्त्याच्या पातळीखाली, खिडकी छताला टेकलेली, आणि त्या खिडकीतून दिसायचे फक्त पाय. बूट, सपाता, चाकांच्या बॅगा. दिवसभर पाय यायचे, थबकायचे, पुढे जायचे. "यांना घरी कामधंदे नाहीत का?" असं ती रोज एकदा तरी मोठ्याने म्हणायची, आणि ऐकायला खोलीत उकळत्या खळीच्या पातेल्याशिवाय कुणी नसायचं.

चर्चचे कपडे म्हणजे येरागबाळ्याचं काम नाही. मेणबत्तीचं मेण सांडलं की आधी नखाने खरवडायचं, मग खाली-वर टिपकागद घालून कोमट इस्त्री फिरवायची. इस्त्री जास्त तापली तर मेण कापडात उतरून कायमचं बसतं. वाइनचा डाग तर वेळेवर हाती लागला तरच निघतो, आणि फादर लोक तो कधीच वेळेवर देत नाहीत. खळ इतकीच घालायची की कापड ताठ तर राहिलं पाहिजे, पण घडीवर मोडता कामा नये. हे सगळं तिला आईने शिकवलं. आईने दोघा भावंडांना एकाच टेबलाशी बसवून शिकवलं होतं. तिच्या हातात इस्त्री दिली, आणि थोरल्याच्या हातात सुई.

हा थोरला, म्हणजे तिचा दादा, विशीत असताना टेकडीवरच्या मठात गेला.

गेला म्हणजे गेलाच. त्या मठाचा नियम असा कडक की आत गेलेला माणूस बाहेर येत नाही, आणि बाहेरची बाई आत जात नाही, मग ती सख्खी बहीण का असेना. भेट वर्षातून एकदा, दाराशेजारच्या छोट्या खोलीत. मध्ये लोखंडी जाळी आणि जाळीवर काळं कापड. आवाज ऐकायचा, तोंड बघायचं नाही. पलीकडे आणखी एक ब्रदर बसलेला असायचा, काही भलतंसलतं बोलणं होऊ नये म्हणून. बहीण-भाऊ भलतंसलतं काय बोलणार होते देव जाणे. "बरी आहेस ना?" "बरी आहे. तू?" "देवाची कृपा." एवढ्यात घंटी वाजायची.

आई गेली तेव्हा तिने टेकडी चढून निरोप दिला. आतून उत्तर आलं की ब्रदर आईसाठी प्रार्थना करतील. शवपेटी चर्चमधून निघाली तेव्हा इस्त्रीबाई सारखी मागे वळून टेकडीचा रस्ता बघत होती. तिला खात्री होती, नियम गेला उडत, दादा येणार. तो आला नाही. आईला माती देताना तिच्या मनात दुःखापेक्षा संतापच जास्त होता, आणि तो संताप पुढे इतकी वर्षं तिने जपून ठेवला.

पण मठाचे कपडेही तिच्याकडेच यायचे, आणि ते काम तिने कधी सोडलं नाही. मठाच्या भिंतीत एक लाकडी पिंप बसवलेलं होतं, स्वतःभोवती फिरणारं. बाहेरच्याने त्यात गाठोडं ठेवायचं, घंटीची दोरी ओढायची, आतल्याने पिंप फिरवून गाठोडं घ्यायचं. कुणाचं तोंड कुणाला दिसत नाही. धुवायला आलेल्या झग्यांवर रफू असायचा, आणि रफू पाहून तिला कळायचं की दादा आहे. दादा डावखुरा. त्याचा टाका इतरांपेक्षा उलट्या अंगाला कललेला, आणि बारीक असा की बोट फिरवल्यावरच लागावा. झग्याच्या कोपराला हात लावून ती पुटपुटायची, "आहे मेला धडधाकट." आणि मग त्याच झग्यावर अशी इस्त्री दाबायची की विचारू नका.

दोन वर्षांपूर्वी मठाला पैशाची चणचण भासली म्हणा, किंवा काळाची हवा लागली म्हणा, मठ प्रवाशांना खुला झाला. तिकीट काढायचं, वाटाड्याबरोबर शहरातली चर्च बघत बघत टेकडीवर यायचं, आणि शेवटी मठ. बाया, पुरुष, कडेवरची मुलं, कुणीही. भेटीची खोली मोडून तिथे तिकीटखिडकी आणि दुकान झालं. त्या वर्षी आपल्या ठरलेल्या दिवशी इस्त्रीबाई भेटीला गेली, तर दारवाल्या ब्रदरने नवी व्यवस्था होईपर्यंत घरच्यांच्या भेटी बंद असल्याचं सांगितलं.

"म्हणजे जगातल्या सगळ्या बायका आत जाणार, आणि मी एकटी बाहेर?" तिने विचारलं.

"तुम्हीसुद्धा तिकीट काढून जाऊ शकता, बाई," दारवाला ब्रदर म्हणाला. बिचाऱ्याने चांगल्या मनाने सांगितलं होतं. पण काही सल्ले चांगल्या मनाने दिले की जास्तच झोंबतात.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिकिटाच्या रांगेसमोर उभं राहून ती गरजली, "तिकीट काढून भावाला बघायला तो काय सर्कशीतला वाघ आहे? मरेन, पण या दाराने तिकीट काढून आत जाणार नाही!" रांगेतल्या प्रवाशांना भाषा कळली नाही, पण दोघांनी टाळ्या वाजवल्या. ही गोष्ट त्याच दिवशी गल्लीत पोचली, कारण ती तिने स्वतःच सांगितली. पाववाल्याला सांगितली, शेजारणीला सांगितली, प्रत्येक वेळी जरा वाढवून सांगितली. एकदा सगळ्यांसमोर असं बोलून बसलं की माणूस आपल्याच शब्दाला बांधला जातो. दोन वर्षं ती मठाच्या दारात गेली नाही. गाठोडं पिंपात ठेवायची आणि वळायची.

*

मग मठात घंटा झाली. त्या मठात कुणी वारलं की एकदाच, लांबवून घंटा देतात. कोण गेलं ते सांगत नाहीत. सगळं उरकल्यावर, सवडीने, घरच्यांना कळवतात. कधी कधी घरचे उरलेलेच नसतात, मग कळवायचा प्रश्नच मिटतो.

घंटा ऐकून इस्त्रीबाईने हातातली इस्त्री उभी केली, आणि पुन्हा कामाला लागली. दादा एकटाच थोडा म्हातारा होता? सगळा मठच म्हाताऱ्यांचा. पण पुढचं गाठोडं आलं ते सोडताना तिच्या हाताला वेगळंच काही लागलं. झग्याच्या बाहीला जाडेभरडे टाके होते, गोणपाट शिवावं तसे, आणि ते उजव्या हाताचे होते. दुसरा झगा उलटला, तिसरा उलटला. गेलं वर्षभर दादाचा टाका विरळ होत चालला होता, आज तो कुठेच नव्हता.

ती तशीच ओल्या हाताने टेकडी चढली, पिंपाची घंटी ओढली.

"कपडे शिवणारे ब्रदर कुठे आहेत?"

आतून दारवाला म्हणाला, "सगळे ब्रदर प्रभूच्या छायेत आहेत, बाई."

"जिवंत की मेलेले, ते सांगा!"

"कुणा एका ब्रदरबद्दल बाहेर बोलायचं नसतं. तुम्हाला माहीत आहे."

"अहो, सख्खा भाऊ आहे माझा! हो म्हणायचं की नाही म्हणायचं, एवढंच विचारतेय. नुसतं खोकलात तरी चालेल. जिवंत असेल तर खोका."

आतला माणूस खोकला नाही. पिंप मात्र फिरलं, आणि त्यातून पुढच्या आठवड्याचे मळके टेबलपोस बाहेर आले. इस्त्रीबाईने ते पिंपावर असे आपटले की वरचं कबुतर उडालं. भिंतीला तरी पाझर फुटला असता, या माणसाला फुटला नाही.

घरी लेक आली होती. लेक चौकातल्या हॉटेलात काउंटरवर बसायची. आईचा स्वभाव तिने जन्मापासून सोसला होता, त्यामुळे तिला आईची भीती उरली नव्हती.

"तिकीट काढ आणि आत जा," ती म्हणाली. "डोळ्याने बघून ये. आमच्या हॉटेलातनं रोज माणसं जातात."

"माझा शब्द?"

"तुझा शब्द काय चाटायचाय? मामा गेला असेल तर ते लोक तुला कधी कळवतील कुणास ठाऊक. आणि जिवंत असेल तर तू इथे बसून कुणाचं नाक कापतेयस?"

"तू मला शिकवू नकोस."

"बरं. नाही शिकवत. तिकीट आणलंय. टेबलावर ठेवते. नको असेल तर चुलीत घाल."

इस्त्रीबाईने तिकीट चुलीत घातलं नाही. लेक गेल्यावर तिने ते दोनदा उचललं आणि दोनदा ठेवलं. सकाळी चांगला कोट घातला, आणि तोंडातल्या तोंडात लेकीला, दारवाल्याला आणि स्वतःला शिव्या देत चौकात जाऊन उभी राहिली.

*

वाटाडी म्हणजे लाल छत्री घेतलेली एक तरतरीत मुलगी होती. तिने सगळ्यांना कानात बोलणारी यंत्रं दिली. इस्त्रीबाईने ते यंत्र खिशात टाकलं. शेजारच्या टोपीवाल्या काकांनी अगत्याने विचारलं, "तुम्ही कुठून आलात?"

"मागच्या गल्लीतून."

काका मनापासून हसले. त्यांना वाटलं, विनोद झाला.

पहिलं चर्च घुमटाचं. सगळ्यांनी माना वर केल्या, हिची नजर सरळ वेदीवर गेली. वेदीवरचं कापड तिनेच मागच्या आठवड्यात दिलेलं, आणि ते कुणा गाढवाने वाकडं अंथरलेलं. डावीकडे वीतभर जास्त लोंबत होतं. ती पुढे झाली, दोरीपलीकडे हात घातला, आणि भिंतीवरचं यंत्र केकाटायला लागलं.

"मॅडम, हात लावायचा नाही हं," वाटाडी धावत आली.

"याला माझ्याशिवाय कुणी हात लावतच नाही! घरी रोज लावते, इथे लावला तर भोंगा?"

"मॅडम, प्लीज."

सगळे प्रवासी बघायला लागले. इस्त्रीबाईने हात मागे घेतला. जन्मभर ती या चर्चच्या मागच्या दाराने आली होती, कपडे कपाटात ठेवून मागच्याच दाराने गेली होती. आज पुढून आली तर आपल्याच कामाला आपलाच हात लागत नव्हता. वर म्हणे घुमटावर देवदूत होते. तिने एकही देवदूत बघितला नाही.

दुसऱ्या ठिकाणी आधी सिस्टरांचा मठ होता. सिस्टर म्हाताऱ्या झाल्या, वृद्धाश्रमात गेल्या, आणि त्यांच्या खोल्या आता बघायला ठेवल्या होत्या. एक खाट, एक खुर्ची, भिंतीवर क्रूस. टोपीवाल्या काकांची बायको दारात उभी राहून हळहळली, "किती शांत! मला तर बाई असंच राहायला आवडेल."

"राहा की," इस्त्रीबाई म्हणाली. "आई मेली तरी बाहेर येता येत नाही, तेवढं लक्षात ठेवा."

त्या बाई तिथून जरा लांब सरकल्या, आणि पुढे दिवसभर लांबच राहिल्या. वाटाडी तोवर भिंतीच्या चित्रांबद्दल सांगत होती. मुलगी वाईट नव्हती. पण तिला प्रत्येक खांबापाशी काहीतरी सांगायचं असायचं, आणि त्या शहरात खांबांना तोटा नव्हता. तिसऱ्या चर्चमध्ये रंगीत काचांच्या खिडक्या होत्या. त्यातून उतरलेलं लाल-निळं ऊन सगळ्यांच्या अंगावर पडलं होतं आणि सगळे एकमेकांचे फोटो काढत होते. इस्त्रीबाई दारात उभी राहून पाय आपटत होती. दादा जिवंत आहे की मेलाय हे कळायला आपल्याला काचा बघाव्या लागताहेत, या विचाराने तिचं डोकं फुटायची वेळ आली.

"चला की पुढे!" ती ओरडली. चर्चमध्ये तो आवाज घुमला, आणि वाटाडीने नाइलाजाने छत्री उचलली.

टेकडी ती सगळ्यांच्या आधी चढली. दारवाल्या ब्रदरने तिकीट हातात घेतलं, वर बघितलं आणि पटकन नजर खाली घातली. इतकी वर्षं एकमेकांचा आवाज ऐकलेली ही दोन माणसं. तोंडाने तो तिला दोन वर्षांपूर्वीच्या भांडणापासून ओळखत होता. तिकिटाचा तुकडा फाडून उरलेलं त्याने परत दिलं. तिने ओठ घट्ट मिटले, कारण तोंड उघडलं असतं तर तो तुकडा त्याच्या घशात कोंबावा लागला असता.

दुकानात मेणबत्त्या, मध, साबण मांडलेला होता. आणि मधोमध, छतापासून, वर खास दिवा सोडून, ती जाळी टांगलेली होती. तीच. काळं कापड काढलेलं. एक तरुण जोडपं जाळीच्या दोन्ही बाजूंनी तोंड घालून खिदळत एकमेकांकडे बघत होतं. त्या जाळीपलीकडचं तोंड बघायला मिळावं म्हणून इस्त्रीबाईने अर्धं आयुष्य घालवलं होतं. तिचा हात सळसळला. हातात इस्त्री नव्हती, हे त्या दोघांचं नशीब.

दुकानामागे चौक होता, चौकात हिरवळ आणि हिरवळीच्या कडेला लाकडी क्रूसांची रांग. शेवटच्या क्रूसाखालची माती ताजी होती. गवत अजून धरलं नव्हतं.

इस्त्रीबाईने त्या मातीकडे बोट दाखवलं. "ही कुणाची?"

"नावं लिहीत नाहीत, मॅडम," वाटाडी म्हणाली, आणि तिचा आवाज नकळत गोड झाला, कारण ही जागा प्रवाशांना फार आवडायची. "हीच तर इथली खासियत आहे. मरणानंतर इथे सगळे सारखे."

"खासियत?" इस्त्रीबाईचा आवाज चिरकला. "अगं, ज्याचं मेलंय त्याने कुठल्या मातीवर पडून रडायचं? की प्रत्येक क्रूसापाशी थोडं थोडं रडायचं?"

टोपीवाल्या काकांनी टोपी काढली. हा सगळा विनोद नव्हता, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. वाटाडीने हलकेच म्हटलं, "एकच खोली राहिलीय, मॅडम. ती बघू आणि मग तुम्ही इथे हवं तेवढं थांबा. मी काही म्हणणार नाही."

*

ती एक खोली शिवणघराची होती. इथे फोटो काढायला बंदी होती, तशी पाटीच होती. अर्ध्या खोलीत दोरी बांधलेली, दोरीपलीकडे खिडकी, आणि खिडकीशी पाठमोरा, झग्याचं टोपडं डोक्यावर ओढून एक वाकलेला ब्रदर बसला होता. मांडीवर कापडाची लांब पट्टी होती, आणि तो ती शिवत होता.

"अजूनही ब्रदर स्वतःच्या हाताने सगळे कपडे शिवतात," वाटाडी कुजबुजली. "ते मौनात असतात. कृपया प्रश्न विचारू नका."

इस्त्रीबाईने हातांकडे बघितलं. सुई डाव्या हातात होती.

पण शिवण वाकडी चालली होती. कापडाच्या कडेने निघालेले टाके मध्येच भरकटले होते, पुन्हा कडेला आले होते, एका जागी तर कापड सोडून हवेतच घातलेले. ही पट्टी कुणी वापरणार नव्हतं. म्हाताऱ्याला बघायला लोक येतात म्हणून त्याच्या हातात दिलेलं ते कापड होतं.

ती दोरी ओलांडून पलीकडे गेली. यंत्र इथे नव्हतं, किंवा असलं तरी वाजलं नाही.

"मॅडम!" वाटाडी म्हणाली.

"दादा," इस्त्रीबाई म्हणाली.

सुई थांबली. म्हाताऱ्याने मान वळवली. तोंड आवाजाच्या बाजूला आलं, पण डोळे तिच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत राहिले. ते डोळे दुधाळ झाले होते.

"ठमे?" तो म्हणाला. तिला या नावाने हाक मारणारं जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं. "उशीर केलास गं."

"उशीर?" तिच्या आत दाटलेलं सगळं उसळून वर आलं. "मी उशीर केला? तू मेलास की जगलास ते कुणी सांगत नाही मला! बाहेर ताजी माती बघून आलेय मी आत्ता! आणि तुला इथे बसवलंय या लोकांनी, दोरीमागे, आंधळा झालास तरी हातात चिंधी देऊन! ऊठ. घरी चल. ऊठ म्हणते ना!"

"मला कुणी बसवलं नाही." तो हळू बोलत होता. बोलायची सवय मोडलेल्या माणसासारखा शब्द शोधून बोलत होता. "मीच मागून घेतली ही जागा. दार उघडणार असं कळलं, तेव्हा लोकांसमोर बसायला कुणी तयार होईना. मी म्हटलं, मी बसतो. सगळ्यांना वाटलं, काय नम्र म्हातारा आहे! नम्र कसला डोंबलाचा. म्हटलं, आता बायकांनाही सोडणार, म्हणजे ठमी येईल. इतकी वर्षं नुसता आवाज ऐकला, एकदा तोंड बघू."

इस्त्रीबाई त्याच्याशेजारी जमिनीवर टेकली.

"पहिलं वर्षभर तर मी तोंड दाराकडे करूनच बसायचो. तेव्हा दिसत होतं मला. चांगलं दिसत होतं. येणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडे बघायचो. तू कशी दिसत असशील माहीत नव्हतं ना, म्हणून सगळ्यांकडेच बघायचो. एक-दोघींना वाटलंही असेल, म्हातारा चावट आहे." तो थोडा हसला. "मग तोंडं पुसट व्हायला लागली. आता आवाज ऐकत बसतो."

"मग निरोप धाडायचास! हात झडले असते का तुझे?"

"नियम..."

"नियम! आई गेली तेव्हाही नियमच होता!"

"हो," तो म्हणाला. "तेव्हाही होता." मग त्याने विचारलं, "पण तू का आली नाहीस, ठमे? दार तर उघडंच होतं."

या प्रश्नाचं उत्तर इस्त्रीबाईने दोन वर्षं गल्लीभर सांगितलं होतं. पाववाल्याला तोंडपाठ होतं ते. आत्ता तिने ते सांगितलं नाही.

"राग आला होता मला," ती म्हणाली.

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

दोरीपलीकडे प्रवासी उभे होते. वाटाडीने छत्री खाली केली होती आणि कुणालाच पुढे चला म्हणत नव्हती. म्हाताऱ्याने हात पुढे केला, तो हवेत चाचपडला, आणि तिच्या कोटाची बाही सापडल्यावर तिथेच थांबला. तिच्या तोंडाला हात लावायचं त्याला धाडस झालं नाही.

"कशी दिसतेस गं आता?" त्याने विचारलं.

इस्त्रीबाईला त्याचा राग आला. स्वतःचा तर इतका आला की डोळ्यांपुढे अंधारी आली. काहीतरी खोटं, गोड सांगता आलं असतं. तिला ते जमलं नाही.

"आईसारखी," ती म्हणाली. "शेवटी शेवटी ती दिसायची ना, तशी. अगदी तशीच."

त्याची बोटं बाहीच्या शिवणीवरून फिरली.

"म्हणजे तिलाही नाही बघितलं मी," तो म्हणाला.